थोरलीचे मालक

३ फेब्रुवारी

दादा,

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मध्येच हसतोस आणि मला काय म्हणायचं होतं ते मी विसरून जाते.

काल सकाळी होडीच्या शेडमध्ये एक बाई आल्या. सत्तरीच्या आसपासच्या, केस बारीक कापलेले, खांद्याला कागदाच्या गुंडाळ्या ठेवायची लांब नळी. मी थोरलीच्या बुडाखाली उताणी पडून जुना रंग खरवडत होते, त्यामुळे त्यांना माझे फक्त पाय दिसत असणार. त्या पायांशीच बोलल्या.

"मालकांच्या बहीण ना तुम्ही?"

"कुठल्या मालकांच्या?"

त्यांनी तुझं नाव घेतलं.

मी बाहेर आले, हात पुसले. त्या म्हणाल्या, ही होडी त्यांनी गेल्या महिन्यात तुझ्याकडून विकत घेतली. कागद झाले, पैसेही दिले. एप्रिलअखेर वारा पडला की त्यांच्या गावी घेऊन जाणार, किनाऱ्याकिनाऱ्याने दोन दिवसांचा प्रवास आहे. आणि मग अगदी मायेने म्हणाल्या, "तुमचे भाऊ सांगत होते, इतकी वर्षं तुम्हीच हिची राखण केलीत."

मी त्यांना चहा दिला. म्हटलं, काहीतरी घोटाळा झालेला दिसतो, माझा भाऊ मला न विचारता असं करणार नाही. हे वाक्य मी दोनदा बोलले. दुसऱ्या वेळी त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. बाई वाईट नाहीत. घाईसुद्धा करत नव्हत्या.

तेव्हा तू एवढंच कर. त्यांना दोन ओळी लिही, की हा गैरसमज आहे. तुझ्या नावावर कुणीतरी त्यांना गंडवलं असेल, हल्ली असले प्रकार फार होतात. त्यांचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. मलाही कळव.

आईला काही बोललेले नाही. तिचा गुडघा बरा आहे. डोळ्यांचे थेंब संपत आलेत, ते मी आणते.

तुझी बहीण

१८ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं. सहा ओळी. उभ्याने वाचल्या, मग लाकडाच्या ओंडक्यावर बसून वाचल्या. बसून वाचल्यानेही त्यांचा अर्थ बदलला नाही.

कागद तुझ्याच नावावर आहेत. बाबांनीच तसे केले होते, मी लग्न होऊन गेले तेव्हा. तू मला सांगणारच होतास. माझंही आता वय होत चाललं, किती दिवस होडीखाली पडून राहणार. निम्मे पैसे माझे. आणि शेवटी, "चिडू नकोस, मिस्त्रीणबाई."

हे नाव तू मला ठेवलंस तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. नवऱ्याचं घर सोडून दोन बॅगा घेऊन परत आले होते. तू सुट्टीवर आला होतास आणि मला रंधा मारताना बघून हसला होतास. मला तेव्हा ते नाव आवडलं होतं, हे तुला सांगून ठेवते. बाबांनी मला काही विचारलं नव्हतं, का आलीस, काय झालं, काही नाही. म्हणाले होते, "रंधा धरता येतो का बघ." मी दिवसभर रंधा मारला. संध्याकाळी माझे तळवे फुटले होते आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली होती.

बाईंकडे मी तुझी होडीविक्रीची जाहिरात मागितली. त्यांनी ती पोस्टाने पाठवली. "चौऱ्याहत्तर वर्षांची अस्सल लाकडी होडी. एका नामवंत डॉक्टरांची. वडील व मुलगा यांनी अकरा वर्षे खपून पुन्हा उभी केली." सोबत फोटो, तुझा हात सुकाणूवर, केस वाऱ्यावर. फोटो छान आलाय. मीच काढला होता. त्यानंतर पाच मिनिटांनी तू काठावरून वाकून ओकत होतास आणि आई तुझी पाठ चोळत होती. तो फोटो मी काढला नाही, आपला भाऊ म्हणून.

वडील व मुलगा. दादा, तू घर सोडून सात वर्षं झाल्यावर ती होडी आपल्याकडे आली. तिच्या एका तरी खिळ्यावर तू हातोडा मारलास का? तुझ्या कंपनीत भुसा दाबून फळ्या करतात आणि त्यांची कपाटं जोडून विकतात. ती विकायला हरकत नाही, पण ही काय होती ते तुला माहीत नाही असं दिसतं. तेव्हा सांगते. जाहिरात पुन्हा छापायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

ती बांधली एका म्हाताऱ्या मिस्त्रीने. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, माझे अर्धे रोगी खाडीच्या पलीकडे राहतात आणि त्यांना मरायला भरती-ओहोटी कळत नाही. म्हणून मिस्त्रीने तिचं बूड उथळ ठेवलं आणि मागचा भाग रुंद, एक माणूस आडवं झोपवता येईल इतका. बावीस वर्षं डॉक्टर तिच्यातून गेले-आले. मग त्यांच्या जावयाने तिच्यात इंजिन बसवलं आणि ते मावत नाही म्हणून मधल्या दोन बरगड्या कापल्या. बाबा म्हणायचे, माणसाच्या कापल्या असत्या तर खटला झाला असता. आठ वर्षांनी जावयाला मोटार आवडायला लागली.

मग बर्फवाला. चौदा वर्षं तो तिच्यातून मासेमारीच्या बोटींना बर्फाच्या लाद्या पोचवत होता. खाऱ्या पाण्याने लाकडाचं फारसं बिघडत नाही, गोडं पाणी त्याला कुजवतं. बर्फ वितळून रोज बुडात साचायचा. आतून ती सडत गेली आणि बाहेरून रंग लागत गेला. शेवटी तो तिला जळणासाठी फोडणार होता. बाबांनी त्याच्या दुसऱ्या बोटीचं काम करून दिलं आणि मजुरीच्या बदल्यात हिला आणलं. आपल्या दोघांपेक्षा वयाने मोठी, म्हणून थोरली म्हणायला लागले.

तुझं म्हणणं, मी लग्न होऊन गेले तेव्हा बाबांनी कागद केले. तेव्हा थोरली आपल्याकडे नव्हतीच. तुझी काहीतरी चूक होते आहे. वर्षं नीट आठवून लिही.

आणि निम्म्या पैशांबद्दल पुन्हा लिहू नकोस.

७ मार्च

दादा,

तू उत्तर दिलं नाहीस. गरज राहिली नाही.

नकाशेवाल्या बाई चार दिवस इथे होत्या. आई त्यांना याच नावाने ओळखते. त्या जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायच्या, छत्तीस वर्षं. होडी नेण्याआधी तिचा नकाशा करायचा म्हणाल्या, प्रत्येक फळी, प्रत्येक बरगडी, कुठली जुनी, कुठली नवी आणि कुणी बसवलेली. नळीतून मोठा कागद काढला, तो शेडमधल्या टेबलावर पसरून चार कोपऱ्यांवर माझ्या पटाश्या ठेवल्या आणि पेन्सिलीला टोक केलं.

"ही फळी कुणी बसवली?"

"मी."

"ही?"

"मी. बाबांनी वाफेच्या पेटीवर नजर ठेवली. फळी वाफेवर मऊ झाली की मिनिटाच्या आत वाकवावी लागते. त्यांच्या खांद्यातून तोवर जोर गेला होता."

"या बरगड्या?"

"पहिल्या सहा दोघांनी. बाकीच्या मी."

"कणा?"

"बुडाचा कणा बाबांनी घडवला. बसवताना आम्ही दोघं होतो."

असं बराच वेळ चाललं. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, "तुमच्या भावाने बसवलेलं आधी दाखवा, म्हणजे मला रंग ठरवता येतील." मी टेबलावरचा भुसा झटकत राहिले. त्यांनी तुझ्यासाठी काढून ठेवलेली निळी पेन्सिल परत डब्यात टाकली.

मी त्यांना विचारलं, एवढ्या होड्या पडल्या आहेत, हीच का? तर त्या थोरलीच्या मागच्या रुंद भागात चढून बसल्या आणि फळीवर हात ठेवून म्हणाल्या, "मी इथे जन्मले." पलीकडच्या काठावरून डॉक्टर त्यांच्या आईला दवाखान्यात आणत होते. ओहोटी लागली, होडी चिखलात रुतली आणि पोटातल्या बाई थांबायला तयार नव्हत्या. त्यांची आई त्यांना आयुष्यभर चिडवायची, घाईत आलीस ती चिखलात. डॉक्टरांची होडी कुठे गेली याचा त्या निवृत्त झाल्यापासून शोध घेत होत्या, आणि तुझी जाहिरात दिसली.

अशा बाईवर राग धरणं अवघड असतं. मी बराच प्रयत्न केला.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, मला तुमचे कागद बघायचेत. त्यांनी बंदर कचेरीतली नक्कल आणली होती. बाबांनी होडी तुझ्या नावावर केली त्या कागदावरची तारीख मी वाचली. सत्तावीस वर्षांपूर्वीची, अकरा ऑक्टोबर.

त्या आठवड्यात आम्ही कणा बसवला होता, दादा. मला पक्कं आठवतं, कारण तो बसवताना माझ्या डाव्या हाताची करंगळी चेपली आणि नख कायमचं गेलं. मला परत येऊन तीन वर्षं झाली होती. बाबा त्या दिवशी म्हणाले, कचेरीत एक किरकोळ काम आहे, जाऊन येतो. धुतलेला शर्ट घालून गेले. दुपारी आले, जेवले, माझ्या हाताची पट्टी बदलली आणि म्हणाले, चल, उजेड आहे तोवर दोन खिळे मारू. त्यानंतर आठ वर्षं मी खिळे मारत होते. होडी पाण्यात उतरल्यावर पुढची तेरा वर्षं आम्ही दोघं तिला दर वर्षी बाहेर काढून खरवडायचो, रंगवायचो, आणि ते एकदाही म्हणाले नाहीत, की पोरी, ही तुझी नाही.

खाली साक्षीदाराची सही होती. आईची.

मी घरी गेले. ती खिडकीपाशी बसून वाटाणे सोलत होती. मी नक्कल तिच्या पुढ्यात ठेवली. तिने चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला. सही ओळखली हे मला तिच्या हातांवरून कळलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"मी सही केली म्हणजे माहीत असणारच."

"का केलंत?"

"तुझ्या बाबांना वाटायचं, दादा परत येईल. शेड नको म्हणतो, धंदा नको म्हणतो, निदान होडी त्याची म्हटलं तर त्या ओढीने येईल. मला काही तसं वाटत नव्हतं. पण त्यांना वाटत होतं."

"आणि मी?"

तिने दोन शेंगा सोलल्या. मग मान वर न करता म्हणाली, "तू होतीसच ना."

तिला वाईट बोलायचं नव्हतं. मी तिचा चेहरा बघत होते. हवा आहे, पाणी आहे, तशी मी आहे, असं ती म्हणत होती. मला ओरडता आलं नाही. मी वाटाण्याची टरफलं गोळा करून टाकून आले.

तुला हे का लिहिते? तू माझी होडी विकलीस म्हणून मी तुझ्यावर चिडले होते. आता कळतं की तू तुझीच विकलीस. तुझ्यावरचा राग कमी झालेला नाही, पण आता तो मला तिघांत वाटावा लागतोय, आणि तिघांतला एक सहा वर्षांपूर्वी गेला.

१६ मार्च

दादा,

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. तेव्हा ती चालू होती.

थोरलीच्या मागच्या बाजूला, कण्याला लागून डावीकडे एक फळी आहे. म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हातची अखंड उरलेली तेवढी एकच. बाबांनी ती बदलू दिली नाही. म्हणाले, सगळंच नवं केलं तर मग थोरली कोण राहिली? मी ऐकलं. पण बर्फाच्या पाण्याने ती आतून गेलेली आहे. दोन वर्षांपूर्वी मी पटाशी लावली तर साबणात जावी तशी आत गेली. मी तिथे आतून पत्र्याचं ठिगळ मारलं, वर रंग दिला. खाडीत तासाभराची चक्कर मारायला तेवढं पुरतं. यंदा बदलायचीच असं ठरवलं होतं.

नकाशेवाल्या बाईंनी त्या फळीवर बोट ठेवून विचारलं, "ही?"

मी म्हटलं, "ही मूळची. मिस्त्रीची."

"म्हणजे मी जन्मले तेव्हा होती ती. कशी आहे?"

आणि मी म्हटलं, "चांगली आहे."

आईशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशीची ही गोष्ट. मी ते वाक्य विचार न करता बोलले असं लिहिता येईल, पण ते खोटं होईल. तू विक्रीच्या कागदावर लिहून दिलं आहेस, होडी पूर्णपणे सुस्थितीत आहे. मी ती ओळ वाचली होती. मी मनात सगळं बघितलं, ती उघड्या समुद्रात जाते, दुसऱ्या दिवशी लाट जरा मोठी येते, ठिगळ सुटतं, आणि मग लोक तुझ्या दाराशी येतात, तुझी सही दाखवतात. त्या चित्रात मी तुझा चेहरा फार नीट काढला होता. होडीत कोण बसलं असेल तेवढं काढलं नव्हतं.

पाच दिवस मी गप्प राहिले. शेडमध्ये काम केलं, आईचे थेंब घातले, जेवले, झोपलेसुद्धा. झोप लागत होती हे तुला सांगायला मला लाज वाटते.

सहाव्या दिवशी सकाळी मी बस पकडून बाईंच्या गावी गेले. त्या दारात कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, फळीचं, ठिगळाचं, आणि मी खोटं बोलले तेही.

त्यांनी झारी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुमचा माझ्यावर राग आहे का?"

"तुमच्यावर नाही."

"पण बुडाले मी असते."

मी मान खाली घातली. आयुष्यात मला कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं आणि ते ऐकून घेण्याइतकी मी कधी चुकलेही नव्हते.

त्यांनी मला आत नेलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "कागदावर खोटं लिहिलं असेल तर व्यवहार मोडायचा हक्क मला आहे. मोडू का?"

मला क्षणभर हलकं वाटलं. मग लक्षात आलं, मोडला तरी होडी माझ्याकडे येत नाही. ती तुझ्याकडे जाते, आणि तू ती दुसऱ्या कुणाला तरी विकशील, जो फळीबद्दल विचारणारही नाही.

"मोडू नका," मी म्हटलं. "फक्त फळी मला बदलू द्या. मगच न्या."

"ती फळी गेली तर माझ्या जन्माच्या वेळचं काय उरेल हिच्यात?"

"फार काही नाही. आकार तेवढा तोच."

त्यांनी जरा विचार केला. "मग बदला," म्हणाल्या. "मला ती नेऊन भिंतीवर लावायची नाही, तिच्यातून फिरायचं आहे."

५ एप्रिल

दादा,

तू आईला फोन करून विचारलंस, मी बाईंना तुझ्याविरुद्ध भडकवलं का. मला विचारायला हवं होतंस. भडकवलं नाही. पाच दिवस याहून वाईट काहीतरी करत होते आणि मग थांबले. ते तुला कळवलंच आहे.

तू आईला म्हणालास, तुला वाटलं होतं मला हे सगळं माहीत असेल. यावर मी आठवडाभर चिडून बसणार होते. पण आज लाकूड निवडताना एक आठवलं. बाबा गेले त्यानंतर त्यांच्या खणात बंदर कचेरीचं एक लांब पाकीट होतं, वर तुझं नाव. मी ते हातात धरून उभी राहिले. उघडलं नाही. दुसरं पाकीट आणून त्यात घातलं आणि तुला पाठवून दिलं. पोस्टातून परत येताना शेडमध्ये गेले आणि दिवसभर खिळ्यांचे डबे लावत बसले, जे आधीच लावलेले होते.

तेव्हा मला माहीत नव्हतं असं मी म्हणते ते पूर्ण खरं नाही. मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. पण तुला मात्र ते पाकीट मिळालं तेव्हा माहीत होतं की हे मी पाठवलंय, आणि मी उघडलेलं नाही. तू एक फोन करू शकला असतास. तू पोच दिलीस, "पाकीट मिळालं, आईला नमस्कार."

फळी तयार होते आहे. बाईंच्या गावी होड्यांचं आवार आहे, तिथले आवारवाले परवा येऊन गेले. नव्या-जुन्या लाकडी नावा दुरुस्त करतात. बाईंनी त्यांना नकाशा दाखवला होता. त्यांनी थोरलीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून सांध्यांवरून नख फिरवलं, फटींत ठासलेला कापूस चाचपला आणि विचारलं, "हे कुणी केलंय?" मी जवळच उभी होते, हातात रंधा होता. तरी त्यांनी माझ्या मागे बघितलं, कुणी पुरुष येतोय का म्हणून. मी म्हटलं, मागे भिंत आहे. ते हसले आणि मग लाजले.

होडी पाण्यात जाईल त्या दिवशी यायचं म्हणतोस. तारीख अजून ठरलेली नाही.

२४ मे

दादा,

थोरली मंगळवारी गेली. तारीख ठरून तीन आठवडे झाले होते. तुला मुद्दाम कळवली नाही. या सगळ्या पत्रांत तुझ्यापासून लपवलेलं हे शेवटचं.

नवी फळी बसवायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी मी ती वाफेतून काढली आणि वाकवताना तडकली. बाबांच्या काळात एकही तडकली नव्हती. मी शेडच्या मागे जाऊन रडले. फळीसाठी असं म्हणू शकते. खरं म्हणजे बाबांसाठी, आणि गेल्यानंतर माणसाला जाब विचारता येत नाही यासाठी. मला त्यांना एवढंच विचारायचं होतं, की आठ वर्षांत हे कधी ओठांवर आलं होतं का. मला वाटतं आलं असेल. ते कधीकधी हातोडा हातात धरून माझ्याकडे बघत उभे राहायचे आणि मग म्हणायचे, "काही नाही, मार." मी समजायचे, माझा खिळा वाकडा जातोय.

दुसऱ्या दिवशी दुसरी फळी नीट बसली. जुनी काढली ती हातात धरवत नव्हती, तुकडे पडत होते.

मंगळवारी बाई होत्या, आवारवाले आणि त्यांची दोन माणसं होती, आई खुर्चीत. पाण्यात गेल्यावर मी तळाशी बसून तासभर नव्या सांध्यावर तळवा ठेवून पाहिलं. कोरडा होता. बाईंनी नकाशाचा कागद आणला होता, पुरा झालेला. कोपऱ्यात मालकांची यादी लिहायची जागा मोकळी ठेवली होती आणि ती मी भरावी असं त्यांचं म्हणणं. मी लिहिलं, डॉक्टर, जावई, बर्फवाला, बाबा, तू आणि बाई. तुझ्यापुढे सत्तावीस वर्षं लिहिली, कागदाप्रमाणे.

"आणि तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"मी मालक नव्हते."

त्यांनी वाद घातला नाही. त्यांना कचेरीत खोट्या नोंदी कधी चालल्या नसतील. पण नकाशावर फळ्यांना त्यांनी दोन रंग दिले आहेत. बाबांचा तपकिरी आणि माझा हिरवा. कागद लांबून हिरवाच दिसतो. तो बघून मला बरं वाटलं, आणि होडी परत मिळाली असती तर याहून बरं वाटलं असतं.

सुकाणू खाडीच्या तोंडापर्यंत मी धरलं होतं. तिथे मला लहान बोटीत उतरवून त्या पुढे गेल्या. मी हात केला नाही, दोन्ही हातांनी वल्हं धरलं होतं.

आता कामाचं. आवारवाल्यांनी मला कामावर बोलावलं आहे. फळी वाकवणारं माणूस त्यांना मिळत नाही. आवारातल्या शेडवरच एक खोली आहे, जिना चढून जायची, अरुंद. पंधरा जूनपासून मी तिथे राहणार आहे. आईला जिना चढवत नाही, आणि खोलीत दुसरी खाट मावत नाही. मावली असती तरी मी तिला नेलं नसतं. हे तिलाही तोंडावर सांगितलं आहे.

मला वाटलं होतं, ती रडेल. तिने फक्त विचारलं, "तिथे तुला पगारावर घेणार?"

"हो."

"तुझ्या नावाने?"

"माझ्याच नावाने."

तिने मान हलवली. संध्याकाळी बघते तर माझ्या पटाश्या एकेक जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवत होती, धारेला धार लागू नये म्हणून. माझी माफी मागितली नाही. मीही मागितली नाही.

तिच्या औषधांची चिठ्ठी सोबत आहे. थेंब दोन वेळा, सकाळचे विसरले तर दुपारी दुप्पट घालायचे नाहीत. गुडघा थंडीत धरतो. चहा गार झालेला चालत नाही आणि पुन्हा गरम केलेला तर मुळीच नाही. रागावली की गप्प बसते, आपण विचारत राहायचं. सहा वर्षं हे मी केलं. त्याआधी बाबांचं केलं. तुला जड जाईल, पण जमेल. तुलाही हात आहेत.

तू इकडे येतोस, की तिला तिकडे नेतोस, हे तिला ठरवायचं आहे आणि तुला. तुला विचारायला तिने मला सांगितलं होतं. मी म्हटलं, पत्रात लिहीन, पण उत्तर मी घेणार नाही.

तेव्हा उत्तर तिच्या नावाने पाठव. मोठ्या अक्षरात लिही.